गुडघा गेलेल्या पोराकडं आपण कधी जाणार?
(आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीस खुलं पत्र)

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीतले सर्व सदस्य यांना सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. १९९४ ते १९९९ अशी पाच वर्षं आपल्या क्लबची अकरा नंबरची जर्सी माझ्या अंगावर होती. आता एस.टी. स्टँडच्या मागं माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या गाड्या माझ्याकडंच येतात. त्यामुळं खेळताना गुडघा गेलेल्या आपल्या पोराकडं क्लबनं बघावं, हे तोंडानं सांगता आलं असतं. दोनदा सांगून बघितलंही. "बघू, मीटिंगला विषय घेऊ" यापुढं गाडी गेली नाही, म्हणून आता चारचौघांत लिहितोय. क्लबचं, गावाचं आणि त्या पोराचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या दोन ओळींतच कळलं असेल. बाकीच्यांनी आपापल्या क्लबचं नाव घालून वाचलं तरी चालेल, कारण कोल्हापूर जिल्ह्यात हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही.

यंदाची सेमीफायनल आठवा. बहात्तराव्या मिनिटाला आपल्या डाव्या विंगरनं, म्हणजे डाव्या कडेनं पळणाऱ्या या पोरानं, बॉल पायाशी घेतला, समोरच्या बॅकला, म्हणजे बचावाच्या गड्याला, बाहेरून वळसा घालायला उजवा पाय रोवला आणि अंग आत फिरवलं. त्याच्या अंगाला कुणी हातही लावला नव्हता. तो नुसता बसला. मी लाइनच्या अलीकडं, दहा-बारा फुटांवर उभा होतो. मला आवाज आला. वाळलेली काटकी मोडावी तसा, एकदाच. पंचांनी शिट्टी वाजवली नाही, कारण फाउल नव्हता. समोरच्या बाजूनं "ऊठ रे, नाटकं करू नको" अशी हाळी आली. मग आपल्या पोरांनी पळत जाऊन स्प्रे मारला, दोघांनी खांद्याला धरून त्याला बाहेर आणलं आणि बदली खेळाडू आत गेला. मॅच आपण जिंकलो. गुलाल उधळला, हलगी वाजली. तो पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. गुडघा हळूहळू फुगत होता आणि तो सारखा विचारत होता, "फायनलला उभा राहीन न्हवं?"

तो फायनलला उभा राहिला नाही. त्याच्या जागी बाहेरून दोन खेळाडू आणले. त्यांना किती दिले हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तो आकडा इथं लिहीत नाही, कारण बाहेरून खेळाडू आणायला माझा विरोध नाही. कोल्हापुरात थेट नायजेरियापासून खेळाडू आले, आपल्या पोरांना त्यांच्याकडून शिकायला मिळालं. माझं म्हणणं एवढंच, की फायनलच्या आदल्या रात्री ते पैसे तीन तासांत उभे राहिले, आणि या पोराच्या एमआरआयचे पैसे सात आठवडे उभे राहिले नाहीत. शेवटी त्याच्या आईनं भिशी उचलली.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. विषयाला सोडून वाटेल, पण तिच्याशिवाय मला काय म्हणायचंय ते नीट सांगता यायचं नाही.

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर 'स्ट्रीट हॉक' लागायचं. तुमच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांना आत्ताच कानात ते सिंथेसायझरचं संगीत वाजायला लागलं असेल. काळी मोटारसायकल, काळं हेल्मेट, रात्रीचं लॉस एंजेलिस, आणि ताशी तीनशे मैल, म्हणजे जवळजवळ चारशे ऐंशी किलोमीटर वेगानं सुटणारा तो हायपरथ्रस्ट. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरात होता, शटरचा, लाकडी पेटीचा. प्रॅक्टिस संपवून आम्ही बूट हातात घेऊन पळत यायचो. त्या घरातल्या काकू दारातच अडवायच्या, "पाय धुतल्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाई." मग पंधरा-वीस पोरं हौदापाशी ओळीनं उभी राहून पाय धुवायची, आणि शेवटच्याचे पाय धुऊन होईपर्यंत सुरुवात निघून जायची. एक जण कौलांवर अँटेना धरून. तो खाली उतरला की चित्रावर मुंग्या. त्या माणसाची पाळी ठरलेली असायची, आणि माझ्या पाळीला मी अख्खा भाग कौलांवर बसून नुसता ऐकलाय.

अमेरिकेत ही मालिका फार चालली नाही. १९८५ च्या जानेवारीत एबीसीवर सुरू झाली आणि मे महिन्यात तेरा भागांवर गुंडाळली. तेरा! आमच्या डोक्यात ती वर्षानुवर्षं चाललेली मालिका आहे. आमच्या सायकलींना खराट्याच्या काड्या आणि पत्त्यांची पानं लागली ती तिच्यामुळं. मी पुढं मोटारसायकलींच्या धंद्यात पडलो त्यातही तिचा वाटा आहे. आणि मैदानावर मला नाव पडलं तेही तिथूनच. डावीकडून बॉल घेऊन सुटलो की भिंतीवर बसलेली माणसं ओरडायची, "सोड, हॉक, सोड!" आजही जुनी माणसं गॅरेजवर आली की याच नावानं हाक मारतात.

मागच्या वर्षी माझ्या मुलानं मोबाइलवर तो पहिला भाग शोधून दिला. रात्री जेवणं झाल्यावर बघत बसलो. आणि मी गप्पच झालो. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात फक्त गाडी राहिली होती. मालिका सुरू कुठून होते हे मी साफ विसरलो होतो. पाय धुण्यात सुरुवात हुकायची म्हणूनही असेल. ती सुरू होते एका मोडलेल्या पायापासून. जेसी माक हा मोटारसायकलवरचा पोलीस, शर्यती मारणारा गडी. त्याचा जोडीदार मारला जातो, त्याचा स्वतःचा पाय जायबंदी होतो आणि खातं त्याला टेबलामागं बसवतं. गाडीवर बसणाऱ्या माणसाला खुर्ची देतात, लोकांशी गोड बोलायचं काम देतात. त्याच्या आयुष्यातलं जे खरं होतं ते संपलेलं असतं. तेव्हा नॉर्मन टटल नावाचा भित्रा, नियमावर बोट ठेवणारा एक इंजिनियर येतो आणि म्हणतो, तुझा पाय आम्ही दुरुस्त करतो, त्यानंतर आमची गाडी तू चालव.

पुढचे सगळे चमत्कार त्या ऑपरेशननंतरचे आहेत. आम्ही पोरांनी चमत्कार बघितले आणि ऑपरेशन विसरलो. क्लब म्हणूनही आपण हेच करत आलोय, असं मला त्या रात्री वाटलं आणि त्या रात्री झोप आली नाही.

कारण माझाही गुडघा गेला होता. १९९९ चा मे महिना. मैदान तव्यासारखं तापलेलं, मुरूम वर आलेला, आणि माझ्या बुटांचे लांब स्टड. पाय भेगेत अडकला आणि अंग फिरलं. तेव्हा एमआरआय वगैरे इथं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. "वाटी सरकली असंल" म्हणून मला चोळायला नेलं. दोन दिवस चोळून गुडघा भोपळ्याएवढा झाला. एक्स-रे काढला, त्यात हाड मोडलेलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तीन आठवड्यांनी सूज उतरली. मी चालायला लागलो, मग सरळ रेषेत पळायलाही लागलो. वाटलं, बरा झालो. पाऊस पडून गेल्यावर पहिल्याच प्रॅक्टिसला वळलो आणि गुडघा पायाखालून निसटला. परत. नंतर परत. बावीसाव्या वर्षी मी बूट खुंटीला लावले. माझ्या घरी तेव्हा क्लबचं कुणी आलं नाही. मी कुणाला दोष देत नाही, कारण पुढं २००६ ला एका बॅकचा गुडघा असाच गेला तेव्हा त्याला स्कूटरवरून मीच घरी सोडलं, आणि त्यानंतर मीही त्याच्या घरी गेलो नाही. आज तो पुण्याकडं कुठं तरी असतो. ही माझी चूक आहे आणि ती मी इथं लिहून ठेवतो.

गुडघ्यात नेमकं काय तुटतं ते डॉक्टरांकडून मी आता समजून घेतलंय, आणि पोराच्या रिपोर्टवर तेच नाव आहे: एसीएल. गुडघ्याच्या पोटात दोन दोऱ्या एकमेकींना फुली मारून असतात. त्यातली पुढची ही. नडगीचं हाड पुढं निसटू नये आणि पाय रोवून अंग फिरवताना गुडघा जागेवर राहावा हे तिचं काम. बहुतेक वेळा ती कुणाच्या धक्क्यानं तुटत नाही. वळताना, एकदम थांबताना, उडी मारून एका पायावर उतरताना तुटते. म्हणून लोकांना नाटक वाटतं. काही तासांत गुडघा टम्म फुगतो, कारण आत रक्त साचतं. एक्स-रेत ती दिसत नाही. आणि ती पूर्ण तुटली की सहसा आपोआप जुळत नाही. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. हे मी एवढ्यासाठी लिहितोय, की आपण दोन वर्षांपूर्वी मुलींचा संघ सुरू केला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

ती दोरी तुटली तरी माणूस चालतो. इथंच सगळे फसतात, मी फसलो. माझ्या धंद्यातलं सांगतो. चेन सैल झालेली गाडी माझ्याकडं येते तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "पळती की, कशाला हात लावतोस?" पळते, पण प्रत्येक झटक्याला ती चेन स्प्रॉकेटचे दात खात असते. सहा महिन्यांनी तीच गाडी येते तेव्हा चेन, पुढचं-मागचं स्प्रॉकेट, सगळा सेट बदलावा लागतो. एसीएल नसलेल्या गुडघ्यावर खेळलं की असंच होतं. गुडघा निसटला की आतल्या गाद्या चिरडतात, कुर्चा झिजतो आणि पस्तिशी-चाळिशीत माणूस म्हाताऱ्यासारखा जिना उतरतो. मी गाडीशेजारी उकिडवा बसतो आणि उठताना सीटला धरून उठतो ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. म्हणजे "पोरगा चालतोय की आता" हे वाक्य परवा तुमच्यापैकी एकानं जे माझ्यासमोर उच्चारलं, ते किती महागात पडणारं आहे ते माझ्या पायाकडं बघून ठरवा.

त्याचं ऑपरेशन झालं तर तो परत खेळू शकतो. मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या पट्ट्याचा, तुकडा घेऊन नवी दोरी बसवतात. आपल्या देशाचा संदेश झिंगन २०१९ च्या ऑक्टोबरात एसीएल गेल्यामुळं बसला, वर्षभर बाहेर राहिला आणि २०२० च्या नोव्हेंबरात पुन्हा आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, उतरला. पुढं भारतासाठीही खेळला, तेही सेंटर बॅकला, जिथं दर दोन मिनिटांनी उडी मारावी लागते. त्याच्यामागं क्लब होता, फिजिओ होता, पगार चालू होता. आपल्या पोरामागं काय आहे? तो दिवसा हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटची पोती उचलतो. सात आठवडे कामावर गेला नाही म्हणून मालकानं दुसरा माणूस घेतलाय. वडील नाहीत. धाकटी बहीण बारावीला आहे.

२०१७ ला कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या संघात उतरला, तेव्हा हा पोरगा अकरा-बारा वर्षांचा होता. त्या वर्षीपासून तो सकाळी साडेपाचला मैदानावर यायला लागला. दार उघडायला वॉचमन उशीर करायचा म्हणून भिंतीवरून उडी मारायचा. त्याला डावा पाय वापरायला मी शिकवलंय. उजवा बूट काढून ठेवायला लावायचो, म्हणजे उजव्यानं मारायची छाती व्हायची नाही. तीन महिने तो एका बुटावर खेळला.

आता मागणीकडं येतो.

आपल्याकडं तालमींनी फुटबॉल वाढवला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं घेऊन संघ उतरतात, तेव्हा बाहेरच्या माणसाला नवल वाटतं की कुस्तीच्या आखाड्याचा आणि फुटबॉलचा संबंध काय. संबंध वस्तादाचा आहे. माझे आजोबा तालमीतले. ते सांगायचे, पैलवानाचा खांदा निखळला तर तो परत लाल मातीत उतरेपर्यंत त्याचं दूध, त्याचं तूप, त्याची मालिश, त्याचं मन, सगळं वस्तादाच्या अंगावर. वस्ताद त्याला लवकर उठवायचाही नाही आणि झोपूनही द्यायचा नाही. 'स्ट्रीट हॉक'मधला नॉर्मन दुसरं काय करत होता? जेसी हायपरथ्रस्टला हात घालायचा तेव्हा पुढचा रस्ता कॉम्प्युटरवर नॉर्मन बघत असायचा. मोकळा आहे की नाही, वळण कुठं आहे, कधी थांबायचं. त्या वेगात गाडीवरच्या माणसाला स्वतःला ते दिसू शकत नाही. आम्हा पोरांना तेव्हा नॉर्मन आवडायचा नाही. सारखा "नको, नको" म्हणायचा. आज मला वाटतं, माझ्या आयुष्यात १९९९ ला एक नॉर्मन असता तर बरं झालं असतं.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही. दुखापत झालेल्या प्रत्येक खेळाडूमागं कार्यकारिणीनं एक माणूस नेमावा, नावानिशी, प्रोसिडिंगमध्ये लिहून. त्या माणसानं पहिल्या दोन दिवसांत पोराला हाडांच्या डॉक्टरकडं न्यायचं, चोळायला नाही. रिपोर्टची फाइल त्यानं ठेवायची. दर रविवारी घरी जायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय त्यात केलेली आहे. तिच्यात हे ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात, कसं बसतं हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, जाऊन विचारावं लागतं. एकोणीस वर्षांच्या पोराची आई रेशन कार्ड आणि आधार घेऊन एकटी त्या खिडकीपाशी गेली तर तिला सकाळी या म्हणतात. अध्यक्षसाहेब, तुम्ही गेलात तर खुर्ची देतात. तुमची ओळख तिथं खर्ची घाला एवढंच मागतोय.

या पोराचा माणूस व्हायला मी तयार आहे. त्यासाठी ठरावाची वाट बघितलेली नाही.

पैशाचंही बोलतो. खाजगीत हे ऑपरेशन लाखाच्या पुढंच जातं, आणि त्यानंतरचे महिने वेगळे. दर स्पर्धेच्या गेटच्या पैशातला ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात जावा आणि त्या खात्याला दुखापतीशिवाय दुसऱ्या कशासाठीही हात लागू नये. कटआउटला नाही, जर्सीला नाही, डॉल्बीला तर नाहीच. किती हिस्सा ते सभेत ठरवा, पण तो बक्षीस वाटायच्या आधी बाजूला काढा. नंतर काही उरत नाही, हे खजिनदारांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. खेळाडूंचा गट अपघात विमाही काढता येतो. फक्त कागद नीट वाचून घ्या, काही विम्यांत स्पर्धेत खेळताना झालेली दुखापत बसत नाही.

पोराला परत कधी उतरवायचं यात घाई नको. निदान नऊ महिने. याच्यावर परदेशात अभ्यास झालेत आणि त्यांचं सांगणं असं, की नऊ महिन्यांपर्यंत जेवढा जास्त थांबेल तेवढा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका कमी होतो, दर महिन्यामागं जवळजवळ निम्म्यानं. आपल्याकडं काय होईल ते मला दिसतंय. पाचव्या महिन्यात डर्बी असेल, पोरगा स्वतःच येईल, "मी फिट आहे" म्हणेल, कोचला एक विंगर कमी असेल. त्या दिवशी "नाही" म्हणणारा माणूस आधीच ठरलेला असला पाहिजे. आणि नुसते महिने मोजूनही भागत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाली का, एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, हे फिजिओनं तपासून लिहून दिलं पाहिजे.

वॉर्मअपबद्दल थोडं. फिफानंच तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा कार्यक्रम आहे. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम: आधी आठ मिनिटं हळू पळणं आणि सांधे मोकळे करणं, मग दहा मिनिटं पोटाचे, मांड्यांचे, तोल सांभाळायचे आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी दोन मिनिटं जोरात पळणं. बॉल सोडून काही साहित्य लागत नाही. आठवड्यातून निदान दोनदा नेमानं केला तर दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतात असं नॉर्वेपासून बऱ्याच ठिकाणी दिसून आलंय. आपल्याकडं वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि गोलवर शॉट. मी स्वतः गेला महिनाभर सकाळच्या बारक्या पोरांकडून हे करून घेतोय. पहिला आठवडा ती हसली. आता एकमेकांना ओरडतात, "गुडघा आत जातोय, बोटांच्या रेषेत ठेव." दहा-अकरा वर्षांची पोरं. सिनियर संघाला तेवढं करायला कोचनी सांगावं, ते तुमचं ऐकतील.

मैदानाचं रडगाणं नवीन नाही, तरी एक जागा सांगतोच. डाव्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडच्या कोपऱ्याच्या निशाणापासून साधारण पंधरा पावलांवर खळगा आहे. गणपतीत मांडवाचा खांब तिथं रोवतात, नंतर वरवर माती ढकलतात. पोरगा पडला तो त्याच्याच काठावर. त्या खळग्यामुळंच गुडघा गेला असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण मी १९९९ ला त्याच बाजूला पडलो होतो. दोन ट्रॉली पोयटा, पाणी आणि रोलर. पाऊस सुरू व्हायच्या आत करायला हवं.

पोराच्या घरी गेल्या रविवारी गेलो होतो. पत्र्याचं घर, बाहेर तुळशीच्या कट्ट्यावर त्याचे बूट वाळत घातलेले. मी म्हटलं, आता कशाला धुतलेस? तो म्हणाला, "माती वाळली की चामडं तडकतंय, तुम्हीच सांगितलेलं." मग मी त्याला मोबाइलवर 'स्ट्रीट हॉक'चा पहिला भाग दाखवला. त्यानं ही मालिका कधी ऐकलीही नव्हती. गाडी त्याला काही विशेष वाटली नाही, आजकालची पोरं याच्या दसपट भारी गाड्या गेममध्ये चालवतात. पण जेसीच्या पायाचं ऑपरेशन होतं तिथं त्यानं मोबाइल माझ्या हातातून घेतला, मागं नेला आणि परत बघितलं. काही बोलला नाही. त्याच्या आईनं चहा आणला तेव्हा तिनं विचारलं, "क्लबातनं कोण येणार हाय काय?" मी "येतील" म्हणून सांगून आलोय.

तुम्ही माझ्या बोलण्याला खोटं पाडू नका.

एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी माझ्याकडं आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दिलेला अंदाजे खर्चाचा कागदही आहे. गॅरेज सकाळी नऊला उघडतं, पण मी साडेपाचपासून मैदानावर असतो. ज्यांना कागद बघायचे आहेत त्यांनी दोन्हीपैकी कुठंही यावं. त्याच्या घरी जायचं असेल तर रविवारी सकाळी आठ वाजता टाकीपाशी जमूया. सचिवांनी येताना क्लबचा शिक्का आणि लेटरहेड आणावं, आरोग्यमित्राकडं द्यायचा अर्ज मी लिहून ठेवलाय.

आपला,
जुना डावा विंगर, जर्सी क्रमांक ११